घरात वाघ, बँडमध्ये गायब: बास ओव्हरड्राइव्हची गोष्ट

आजचा भाग सुरू करण्याआधी एक छोटंसं काम. हेडफोन लावले असतील तर काढा आणि पुढचं अर्धं मिनिट फोनच्या स्पीकरवरच ऐका.

(इथे मी बास गिटारची सगळ्यात जाड तार दोनदा छेडते. एकदा साधी, एकदा ओव्हरड्राइव्ह पेडल लावून.)

काय ऐकू आलं? ब्लॉग वाचणाऱ्यांसाठी सांगते. पहिल्या वेळी फोनमधून बोटाचा बारीक ‘टक्’ येतो आणि मागे काहीतरी पुसटसं हलतं. दुसऱ्या वेळी मात्र स्वर येतो. खरखरीत, फाटका, पण कुठला स्वर आहे ते कळतं. दोन्ही वेळा तार तीच, बोट तेच आणि तारेचा मूळ स्वरही तोच, साधारण 41 हर्ट्झचा. फोनचा इवलासा स्पीकर 41 हर्ट्झच्या आसपासही फिरकत नाही. मग दुसऱ्या वेळी तुम्ही ऐकलंत काय?

याचं उत्तर मला फार उशिरा मिळालं, आणि तेही सगळ्यांसमोर नाक कापलं गेल्यावर.

कॉलेजमध्ये असताना मी पैसे साठवून एक ओव्हरड्राइव्ह पेडल घेतलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही, कारण बिचाऱ्या पेडलची काही चूक नव्हती. महिनाभर रोज रात्री हेडफोन लावून मी त्याच्याशी खेळले. गेन वर, ट्रेबल वर, बास वर, मधल्या फ्रिक्वेन्सी खाली. काय आवाज होता! मशीन सुरू झाल्यासारखा, भिंत कोसळल्यासारखा. मग गॅदरिंगला स्टेजवर गेलो, चार गाणी वाजवली, लोक नाचले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी फोनवर केलेलं रेकॉर्डिंग आलं. त्यात ड्रम्स होते, दोन्ही गिटार होत्या, गायक होता. बास नव्हताच. आमचा ड्रमर अगदी सहज म्हणाला, “अगं, दुसऱ्या गाण्याला तू वाजवत होतीस ना?”

मी पेडल पडेल भावात विकून टाकलं. पुढे कित्येक वर्षांनी या आवाजाचा इतिहास वाचायला घेतला, तेव्हा कळलं की मी ज्या खड्ड्यात पडले त्यात साठ वर्षांत खूप मोठी मोठी माणसं डोकावून गेली आहेत. काही पडलीसुद्धा. आजची गोष्ट त्या खड्ड्याची.

सुरुवात करू अमेरिकेतल्या नॅशव्हिलपासून. 1961 साली मार्टी रॉबिन्स या कंट्री गायकाचं ‘डोन्ट वरी’ नावाचं गाणं आलं. हळुवार, गोड, आजी-आजोबांनीही मान डोलवावी असं. आणि मध्येच एक सोलो येतो तो असा, की रेडिओ बिघडला असं वाटावं. हा सोलो वाजवला होता ग्रेडी मार्टिननं, आणि वाद्य होतं सहा तारांचा बास. साधी गिटार नव्हे, हे लक्षात ठेवा. स्टुडिओतल्या मिक्सिंग कन्सोलचा एक चॅनल बिघडला होता, त्यातून गेलेला आवाज फाटला. इंजिनिअर ग्लेन स्नॉडी. टेक पुन्हा घ्यायचा की हाच ठेवायचा यावर खल झाला आणि हाच ठेवला गेला. गाणं कंट्रीच्या यादीत पहिल्या नंबरावर पोचलं.

म्हणजे ज्याला आपण आज फझ म्हणतो, त्याचा एक अगदी सुरुवातीचा गाजलेला आवाज बासचा होता. ही गोष्ट गिटारवाल्या मित्रांना जरूर सांगा, त्यांना आवडत नाही.

पण मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. नॅशव्हिलमध्ये तेव्हा दोन बास एकत्र वाजवायची पद्धत होती. एक उभा लाकडी बास, तो खालची गादी अंथरायचा. आणि त्याच्याच सुरांवर सहा तारांचा बास, तार तळव्यानं दाबून, टिक-टॅक टिक-टॅक असा. तो नुसती कड द्यायचा. म्हणजे जाडी एकाची आणि धार दुसऱ्याची, ही वाटणी तिथल्या कानांच्या अंगवळणी पडलेली होती. फाटलेला आवाज जन्मला तोच अशा भरल्या घरात. त्याला एकट्यानं गाण्याचा पाया सांभाळायचा नव्हता.

मग तो चॅनल एक दिवस पूर्णच मेला, आणि तोवर लोक तो आवाज मागायला लागले होते. तेव्हा स्नॉडीनं रेव्हिस हॉब्स या दुसऱ्या इंजिनिअरबरोबर ट्रान्झिस्टर वापरून तसाच आवाज देणारं सर्किट बनवलं आणि ते गिब्सन कंपनीला दिलं. 1962 मध्ये ते मेस्ट्रो फझ-टोन या नावानं बाजारात आलं. पायानं दाबायची एक पाचरीसारखी डबी. जाहिरात काय, तर तुमची गिटार किंवा बास आता ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, चेलोसारखा वाजेल! गिब्सननं त्याच सुमारास ईबी-झीरो-एफ नावाचा एक बासही काढला, त्याच्या पोटातच फझ बसवलेला. तीन-चार वर्षांत तो बंद झाला. फझ-टोनही पहिल्या उत्साहानंतर दुकानांत पडून राहिला, तो 1965 मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सनं ‘सॅटिसफॅक्शन’मध्ये वापरेपर्यंत. त्यानंतर तो गिटारचा झाला तो झालाच.

बास कुठे अडला? इथे जरा शास्त्रात शिरू, दोनच मिनिटं.

बासची खालची तार छेडली की 41 हर्ट्झ एकटा येत नाही. त्याच्यासोबत 82, 123, 165, 206 अशी त्याची सगळी पिल्लं येतात. यांना हार्मोनिक म्हणतात. ओव्हरड्राइव्ह किंवा फझ काय करतो, तर आवाजाच्या लाटेचे शेंडे कापतो. शेंडे कापले की वरची पिल्लं धष्टपुष्ट होतात आणि नवीही जन्मतात. मेंदू मोठा हुशार. ही पिल्लं एकमेकांपासून 41-41 अंतरावर आहेत हे तो ओळखतो आणि मूळ 41 आलेलाच नसला तरी तो स्वर आपल्या मनात भरून काढतो. फोनवर दुसऱ्या वेळी तुम्ही ऐकलंत ते हे. आईबाप नाहीत, पण मुलांच्या चेहऱ्यावरून ओळख पटली.

आपल्याकडे ही किमया वीज नसतानाच माहीत होती. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी काढतात, ती याच जातीची. तार घोडीच्या गोलाईला घासत राहते आणि वरचे स्वर झळाळून उठतात. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये यावर शोधनिबंध लिहिला होता. मिरजेला तानपुरा बनवणाऱ्यांच्या हाताखाली हे काम चाललेलं बघा कधीतरी, दोरा केसभर इकडे-तिकडे झाला की खर्जाची तार एकदम बोलू लागते.

आता दुसरी बाजू. आपला कान खालच्या आवाजांना मंद आहे. बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी 1933 मध्ये हे नीट मोजून दाखवलं: कानाला सारखाच मोठा वाटायला 40-50 हर्ट्झचा आवाज 1000 हर्ट्झपेक्षा कितीतरी जास्त ताकदीनं वाजवावा लागतो. पेडल लावल्यावर वरचे आवाज वाढतात, म्हणून बास मोठा वाटतो. मग तुम्ही काय करता? व्हॉल्यूम कमी करता. मीही तेच करत होते. आणि व्हॉल्यूम कमी केला की खालचा पाया सगळ्यात आधी खचतो. खोलीत एकटं असताना ते कळत नाही, कारण वरची खरखर कान भरून टाकते.

बँडमध्ये गेल्यावर ती खरखर तरी उरते का? तीन-चार हजार हर्ट्झच्या वरची जी चरचर मला रात्री दोन वाजता स्वर्गीय वाटायची, तिथे आधीच ड्रम्सच्या झांजा आणि दोन गिटार ठाण मांडून बसलेल्या असतात. मोठ्या आवाजाखाली शेजारचा छोटा आवाज झाकला जातो. म्हणजे वरचं गिटार आणि झांजांनी खाल्लं, खालचं मी स्वतः कमी केलं, आणि मधलं? मधलं मी हौसेनं नॉब फिरवून काढून टाकलं होतं, कारण एकट्यानं ऐकताना मधल्या फ्रिक्वेन्सी नाकात बोलल्यासारख्या वाटतात. शिल्लक काय राहिलं ते ड्रमरनं सांगितलंच. वर आणखी एक नुकसान: शेंडे कापल्यामुळे प्रत्येक सुराचा पहिला ठोका बोथट होतो, आणि बास आणि बास ड्रम यांची गाठ त्या ठोक्यावर बांधलेली असते.

हे दुखणं 1965 मध्येच कुणाला तरी जाणवलं असणार, कारण त्यावरचा उपाय त्या वर्षीच्या एका रेकॉर्डवर चक्क ऐकू येतो. बीटल्सचा ‘रबर सोल’ अल्बम, जॉर्ज हॅरिसनचं ‘थिंक फॉर युअरसेल्फ’. त्यात पॉल मॅकार्टनीचा फझ बास आहे, गुरगुरणारा, जवळजवळ लीड गिटारचं काम करणारा. लोक त्याचंच कौतुक करतात. पण नीट ऐका, त्याच गाण्यात पॉलचा दुसरा, साधा बासही वाजतोय. खाली साधा, वर फाटका. नॅशव्हिलचीच वाटणी, फक्त दोन्ही भाग एकाच माणसानं वाजवलेले.

स्टुडिओत हे ठीक. स्टेजवर एक माणूस दोन बास कसे वाजवणार? त्यासाठी मग आवाजच मध्ये चिरला गेला. येस बँडचा ख्रिस स्क्वायर आपल्या रिकनबॅकर बासचा आवाज दोन भागांत फोडायचा. खालचा भाग साध्या बास अँपला, वरचा भाग गिटारच्या अँपला, आणि तो गिटारचा अँप मस्त तापवलेला. 1971 चं ‘राउंडअबाउट’ काढा, त्यातला बास ऐका. दात आहेत, पण पोटही आहे. द हूचा जॉन एन्टविसलही खालचं आणि वरचं वेगवेगळ्या अँपमधून पाठवायचा.

एन्टविसलबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण माझ्या पिढीच्या डोक्यात गोंधळ माजवण्यात त्याच्या एका रेकॉर्डिंगचा मोठा हात आहे. 1978 मध्ये शेपर्टन स्टुडिओत द हूनं ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’ वाजवलं, त्यातला फक्त बासचा ट्रॅक इंटरनेटवर फिरतो. तो एकटा ऐकला की अंगावर काटा येतो. कडकड, खणखण, दर दोन सेकंदांनी काहीतरी धावतंय. ऐकून आम्ही सगळे तसा आवाज काढायला बसलो. पण तो ट्रॅक एकटा ऐकण्यासाठी वाजवलेलाच नव्हता! त्या बँडमध्ये गिटार एकच, आणि पीट टाउनझेंड बराचसा वेळ मोठे मोकळे कॉर्ड मारणारा. मधली अख्खी खोली रिकामी होती, ती एन्टविसलनं बळकावली. आमच्या बँडमध्ये दोन गिटार होत्या आणि दोघंही दिवसभर गेन दहावर ठेवून बसायचे. तिथे एन्टविसल आला असता तरी दाराबाहेर उभा राहिला असता.

हेच लेमीचं. मोटरहेडचा लेमी किल्मिस्टर आधी गिटार वाजवायचा, बासवर आला तो गिटारची सवय घेऊनच. कॉर्ड मारायचा. मार्शलच्या अँपवर बास आणि ट्रेबल जवळजवळ शून्यावर, मधल्या फ्रिक्वेन्सी पूर्ण वर. माझ्या सेटिंगच्या अगदी उलट! 1980 चं ‘एस ऑफ स्पेड्स’ ऐका. सुरुवातीचा तो गरगरणारा आवाज बासचा आहे. तीन माणसांचा बँड, गिटार एक, म्हणून त्याला रिदम गिटारची जागा मिळाली. ती सेटिंग घरी एकट्यानं लावून बघा, पत्र्याचा डबा वाटेल.

उलट टोकाला क्लिफ बर्टन. मेटालिकाच्या 1983 च्या पहिल्या अल्बममध्ये ‘ॲनेस्थेशिया’ हा त्याचा बास सोलो आहे. वा-वा पेडल आणि फझ, ड्रम्स बरेच उशिरा येतात, गिटार नाहीच. इथे बास खरोखरच एकटा आहे, त्यामुळे त्यानं पाहिजे तेवढी जागा व्यापली आणि ती शोभलीही. आता त्याच बँडचा 1988 चा ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ लावा. बर्टन 1986 मध्ये बसच्या अपघातात गेला होता, त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आलेला. त्या अल्बममध्ये बास शोधावा लागतो. मिक्स करणाऱ्या स्टीव्ह थॉम्पसननं पुढे उघडपणे सांगितलं की ड्रमर लार्स उलरिकच्या सांगण्यावरून तो कमी केला. ते खरंच आहे, पण शिवाय न्यूस्टेड बरंचसं गिटारच्याच सुरांवरून वाजवत होता, त्यामुळे दडायला जागा भरपूर होती. पाच वर्षांत एकाच बँडनं बासची दोन्ही टोकं दाखवली. मला न्यूस्टेडबद्दल फार वाईट वाटतं. माझं तर एका गॅदरिंगचं रेकॉर्डिंग होतं, त्याचा लाखो घरांत पोचलेला अल्बम.

दोन अँप घेऊन फिरणं सगळ्यांना परवडत नाही. बासवाल्यांनी कित्येक वर्षं गिटारचीच पेडलं वापरून बघितली. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचं बिग मफ घ्या, ते मधल्या फ्रिक्वेन्सी खणून काढतं, एकट्यानं अप्रतिम, बँडमध्ये लपाछपी. 1979 चं आयबनीझचं ट्यूब स्क्रीमर घ्या, त्यात साधारण 720 हर्ट्झच्या खाली गेन उतरत जातो. गिटारसाठी हे वरदान, कारण त्यामुळे गिटार बासच्या पायात येत नाही. पण बासला तेच लावलं तर आवाज बारीक होतो.

खरा उपाय एका नॉबनं केला. ब्लेंड. टेक 21 कंपनीच्या अँड्र्यू बार्टानं 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला सॅन्सअँप बास ड्रायव्हर काढला, त्यात हा नॉब होता. एका टोकाला तुमचा मूळ साधा आवाज, दुसऱ्या टोकाला तापलेल्या ट्यूब अँपसारखा, मध्ये हवं तेवढं मिश्रण. पुढे बॉसच्या बास ओव्हरड्राइव्हमध्ये बॅलन्स नावानं तेच आलं. 2009 मध्ये फिनलंडमध्ये सुरू झालेल्या डार्कग्लासनं आणखी एक पाऊल टाकलं: खालचे आवाज कापायच्या आतच किती घ्यायचे, हे ठरवणारं वेगळं बटण. पॉलचे दोन ट्रॅक, स्क्वायरचे दोन अँप, सगळं हातात मावणाऱ्या डबीत. आणि तरी दुकानात लोक काय करतात माहितीये? ब्लेंड पूर्ण वर. कारण दुकानात तुम्ही एकटे असता. साधा आवाज मिसळला की एकट्यानं ऐकताना दोन आवाज वेगवेगळे ऐकू येतात, जणू बासवर कुणी मधमाशी सोडलीये. नको वाटतं.

अपवाद हवाच असेल तर रॉयल ब्लड ऐका. ड्रम्स आणि बास, बस्स. 2014 च्या त्यांच्या पहिल्या अल्बमवर गिटार समजून लोक ज्यावर मान हलवतात तो माइक करचा बास आहे. त्याला पूर्ण जागा मोकळी आहे म्हणून जमतं.

मी पुन्हा पेडल घेतलं ते गेल्या वर्षी. ब्लेंड अर्ध्याच्याही खाली, ट्रेबल कमी, मध वर. घरी वाजवून पाहिलं तर सर्दी झालेल्या बैलासारखं. दोन दिवस हात शिवशिवत होते नॉब फिरवायला, नाही फिरवला. तसाच घेऊन जॅम रूमला गेले. तोच जुना ड्रमर, दोन गिटारवाले, त्यातला एक नवा. कुणालाच काही सांगितलं नाही. पेडल सुरू ठेवून दोन गाणी वाजवली, कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, पुन्हा तेच.

तिसऱ्या गाण्याच्या मध्यात मी पायानं पेडल बंद केलं. ड्रमरनं वाजवता वाजवताच मान वर केली आणि माझ्या अँपकडे बघितलं. गाणं संपल्यावर म्हणाला, “वायर ढिली झाली का? मध्येच गेलीस.”

हेडफोन आता लावा. त्याच दिवशीचे वीस सेकंद ऐकवते, आधी सगळा बँड आणि मग फक्त माझा बास. दुसरा भाग ऐकून हसू नका.

(इथे रेकॉर्डिंग वाजतं.)